गोव्यातल्या छोट्या धंद्याची देणगी: किती, कुणाला आणि कोणत्या खात्यातून

फोंड्याच्या बाजारातल्या कुठल्याही दुकानदाराला विचारा, वर्षभरात किती पावत्या फाडल्या. जत्रेच्या नाटकाची वर्गणी, सार्वजनिक गणपतीच्या लॉटरीची कुपनं, वाड्यावरच्या क्रिकेट स्पर्धेची ढाल, शाळेच्या स्मरणिकेतलं अर्धं पान, शिगम्याचं रोमटामेळ पथक. गोव्यातला छोटा व्यापारी देत नाही, असं कुणी म्हणू नये. देतो, पण दारात आलेल्या माणसाचा चेहरा बघून देतो, कारण तोच उद्या गिऱ्हाईक म्हणून यायचा असतो.

आता काही दुकानदार, होमस्टे चालवणारी जोडपी, मसाल्याच्या बागा असलेली घरं वेगळा प्रश्न विचारू लागली आहेत. जंगल, नदी, खाजन (बांध घालून राखलेली खाऱ्या पाण्याकाठची भातशेती) वाचवणाऱ्यांना किंवा मुंडकार (भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, जागेत घर करून राहणारे), आदिवासी, अत्याचारात सापडलेल्या बायका यांच्या बाजूने उभं राहणाऱ्या संस्थांना धंद्यातून नियमित काही द्यायचं, तर ते कसं द्यावं? सीएला विचारलं की तो ‘ऐंशी-जी आहे का बघा’ म्हणतो, म्हणजे देणाऱ्याला आयकरासाठी वजावट मिळवून देणारी संस्थेची नोंदणी, आणि विषय संपतो. माझ्या मते गोव्यात तरी विषय तिथून सुरू होतो, आणि बऱ्याच जणांच्या बाबतीत ऐंशी-जीचा काडीचाही संबंध नसतो. तो का नसतो, हे पुढे येईलच.

आधी एक गैरसमज. सीएसआर, म्हणजे मोठ्या कंपन्यांनी समाजकार्यावर करायचा सक्तीचा खर्च, तुम्हाला लागू नाही. कंपनी कायदा 2013 च्या कलम 135 नुसार नक्त मूल्य 500 कोटी, उलाढाल 1000 कोटी किंवा निव्वळ नफा 5 कोटी, यातला एक तरी टप्पा गाठणाऱ्या कंपनीलाच मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या 2 टक्के खर्च करण्याची सक्ती आहे. तुमचं देणं पूर्ण ऐच्छिक. ‘आमच्या सीएसआरमधून’ असं दुकानाच्या पाटीवर लिहिणारे लोक आहेत; त्यांना हसून सोडून द्यावं.

किती द्यायचं

जगभरात ‘वन पर्सेंट फॉर द प्लॅनेट’ नावाचा एक उपक्रम 2002 पासून चालू आहे. त्यात सामील होणारा धंदा विक्रीच्या 1 टक्का रक्कम पर्यावरणाच्या कामाला देतो. विक्रीच्या, नफ्याच्या नव्हे. ऐकायला 1 टक्का किरकोळ वाटतो, म्हणून हिशेब मांडून बघू.

समजा, काजूचं एक दुकान आहे. वर्षाची विक्री 60 लाख, सगळं जाऊन हातात उरतात 6 लाख. विक्रीचा 1 टक्का म्हणजे 60,000 रुपये, म्हणजे नफ्याचा थेट दहावा हिस्सा. दुसरीकडे घरातल्याच तीन खोल्यांचा होमस्टे आहे. विक्री 12 लाख, शिल्लक 5 लाख. त्याचा 1 टक्का होतो 12,000, म्हणजे नफ्याच्या अडीच टक्क्यांहूनही कमी. एकच नियम, पण काजूवाल्याचं कंबरडं मोडतो आणि होमस्टेवाल्याला समजतही नाही. ज्या धंद्यात माल विकत घेऊन थोड्या फरकाने विकायचा असतो, त्याने विक्रीवर टक्का लावू नये, नफ्यावर लावावा.

दुसरी अडचण सीझनची. ऑक्टोबर ते मे गल्ला भरतो, पावसाळ्यात निम्मी दुकानं माश्या मारत बसतात. संस्थेचं उलटं असतं: तिला पगार आणि भाडं बाराही महिने द्यायचं असतं. त्यामुळे वर्षाच्या शेवटी एकदम मोठी रक्कम देण्यापेक्षा पावसाळ्यातही झेपेल एवढा छोटा आकडा दरमहा बँकेतून आपोआप जाऊ द्यावा आणि मार्चमध्ये नफा कळला की उरलेला हिस्सा वर टाकावा. दरमहा येणारे 2,000 रुपये संस्थेला माणसाच्या पगारात धरता येतात. अवचित आलेल्या 24,000 वर बहुधा कार्यक्रम होतो.

ऐंशी-जी आणि गोव्याची गंमत

आयकर कायद्याच्या कलम 80-जी खाली नोंदलेल्या संस्थेला देणगी दिली, तर बहुतेक वेळा देणगीच्या निम्मी रक्कम तुमच्या उत्पन्नातून वजा होते. लक्षात घ्या, करातून नाही, उत्पन्नातून. त्यालाही उत्पन्नाच्या साधारण 10 टक्क्यांची कमाल मर्यादा. 2,000 रुपयांवरची रोख देणगी धरत नाहीत. वस्तू दिल्या, तर त्याही धरत नाहीत. संस्थेने तुमच्या पॅनसह देणगीची माहिती आयकर खात्याला कळवून तुम्हाला 10-बीई हे प्रमाणपत्र द्यावं लागतं. आर्थिक वर्ष संपल्यावर 31 मेपर्यंत ते यायला हवं. नुसत्या छापील पावतीवर आता भागत नाही. 2025 च्या नव्या आयकर कायद्यात, ज्याचा अंमल 1 एप्रिल 2026 पासून आहे, कलमांचे आकडे बदलले आहेत. बाजारात आणि सीएंच्या तोंडी मात्र जुनेच आकडे आहेत, म्हणून इथेही तेच वापरतो.

ही वजावट फक्त जुन्या करपद्धतीत मिळते. नव्या पद्धतीत नाही. आणि इथे गोव्याचा कायदा मध्ये येतो.

पोर्तुगीज नागरी संहितेमुळे गोव्यात लग्नाआधी वेगळा करार केला नसेल, तर नवरा-बायकोची मालमत्ता सामायिक असते. आयकर कायद्याने ही गोष्ट मान्य केली आहे. कलम 5-ए म्हणतं की, अशा जोडप्याचं पगार सोडून बाकीचं उत्पन्न दोघांत निम्मं-निम्मं वाटून, दोघांनी आपापल्या विवरणपत्रात दाखवायचं. दुकान नवऱ्याच्या नावावर असो की बायकोच्या.

उदाहरण घ्या. फोंड्यातल्या एका दुकानाचा वर्षाचा नफा 18 लाख, दुसरं उत्पन्न नाही. दोघांच्या वाट्याला 9-9 लाख. 2025-26 पासून नव्या पद्धतीत 12 लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सवलतीमुळे कर शून्य होतो. म्हणजे दोघांचाही कर शून्य. सीमेपलीकडे सावंतवाडीत हाच नफा एकट्या मालकाच्या नावावर धरला, तर त्याच नव्या पद्धतीत 1,60,000 रुपये कर आणि वर उपकर. तेरेखोलची नदी ओलांडली की एवढा फरक पडतो.

मग शून्य कर भरणाऱ्या फोंड्याच्या जोडप्याला ऐंशी-जीच्या पावतीचा उपयोग काय? एका रुपयाचाही नाही. तरी ‘ऐंशी-जी नाही म्हणून देत नाही’ असं सांगून संस्थेच्या माणसाला परत पाठवणारे गोव्यात कमी नाहीत. त्यातल्या अनेकांनी वर्षानुवर्षं ती वजावट घेतलेलीच नसते.

पावती कुणाला लागते? भागीदारी फर्मला. फर्मला नवी-जुनी पद्धत नाही, सरळ 30 टक्के कर आणि त्यावर 4 टक्के उपकर. फर्मने 50,000 दिले, तर 25,000 वजा होतात आणि 7,800 रुपये कर वाचतो. एलएलपीचंही (मर्यादित दायित्वाच्या भागीदारीचंही) तसंच. प्रायव्हेट लिमिटेड कंपनीने 22 टक्क्यांचा सवलतीचा दर घेतला असेल, तर तिलाही ही वजावट नाही. फर्म असाल, तर संस्थेची नोंदणी चालू आहे का, ते आयकर खात्याच्या संकेतस्थळावर तपासा; ही नोंदणी मुदतीची असते आणि पुन्हा पुन्हा नूतनीकरण करावं लागतं. नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवर नाव असणं म्हणजे सरकारने शिक्का मारला असं नव्हे, ती नुसती नोंद आहे. आणि महाराष्ट्रातले नातेवाईक ‘धर्मादाय आयुक्ताकडे नोंदणी आहे का’ म्हणून विचारतील, तर तो कायदा महाराष्ट्राचा आहे, गोव्याला लागू नाही. इथल्या संस्था बहुधा 1860 च्या संस्था नोंदणी कायद्याखाली असतात, नाहीतर विश्वस्त संस्था किंवा कंपनी कायद्याच्या कलम 8 खालच्या बिनानफ्याच्या कंपन्या.

मग द्यायचं कुणाला

कराची कटकट बाजूला झाली की हा प्रश्न मोकळेपणाने विचारता येतो. बहुतेकांच्या डोक्यात आधी येतात रोपं आणि किनारा सफाई. टी-शर्ट, हातमोजे, फोटो. त्यात वाईट काही नाही, पण गोव्याच्या पर्यावरणाचे मोठे निर्णय कुठे झाले, ते बघा. गोवा फाउंडेशन ही 1986 पासूनची संस्था. खाणींबाबतच्या तिच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 21 एप्रिल 2014 ला निकाल दिला. मग खाणींच्या लीजच्या (भाडेपट्ट्यांच्या) नूतनीकरणाविरुद्ध पुन्हा लढाई आणि 7 फेब्रुवारी 2018 ला 88 लीज रद्द. मोलेच्या जंगलातून जाणाऱ्या रेल्वे दुपदरीकरणाला वन्यजीव मंडळाच्या समितीने दिलेली मंजुरी सर्वोच्च न्यायालयाने मे 2022 मध्ये बाजूला ठेवली. या निकालांच्या मागे काय असतं? नकाशे, माहिती अधिकारातले अर्ज, झेरॉक्स, दिल्लीच्या फेऱ्या, फाइल सांभाळणारा एक माणूस आणि त्याचा पगार. यातल्या कशाचाच फोटो चांगला येत नाही, त्यामुळे याच गोष्टींना पैसे मिळत नाहीत.

सामाजिक न्यायाचंही तसंच आहे. मुंडकार संरक्षण कायदा 1975 चा. पण मामलेदाराकडे दावा लावायचा, तर त्या घरात आपण कधीपासून राहतो हे दाखवणारी जुनी घरपट्टीची पावती, मतदारयादी, वीजबिल असं सगळं गोळा करावं लागतं आणि तारखांना मजुरी बुडवून जावं लागतं. गावडा, कुणबी आणि वेळीप यांचा समावेश अनुसूचित जमातींच्या यादीत 2003 मध्ये झाला. 2006 च्या वनहक्क कायद्याखाली जमिनीचा दावा करायचा, तर आधी गावची वनहक्क समिती, मग जागेवर पाहणी, ग्रामसभेचा ठराव, उपविभागीय समिती, जिल्हा समिती. या रांगेत माणसाबरोबर उभा राहणारा कार्यकर्ता म्हणजेच संस्थेचं काम. ‘आमचा पैसा पगारावर जाऊ नये’ असं अट घालून सांगणाऱ्या देणगीदाराला हे कळलेलं नसतं. मी तर म्हणेन, पगारासाठीच द्या, आणि तसं लिहून द्या.

काही वेळा देणगीपेक्षा काम देणं बरं. वास्कोची ‘अर्ज’ ही संस्था देहविक्रयाच्या जाळ्यातून बाहेर पडलेल्या बायकांसाठी काम करते. तिने त्यांच्या रोजगारासाठी ‘स्विफ्ट वॉश’ नावाची यांत्रिक लाँड्री उभी केली. होमस्टेच्या चादरी-पडदे कुठेतरी धुवायला जाणारच असतात. असे पैसे धंद्याच्या खर्चात रीतसर बसतात आणि पलीकडच्या बाईला पगार मिळतो.

ऐंशी-जी नसलेल्या ठिकाणी द्यायचं म्हणजे काय, याचं चांगलं उदाहरण खाजन. समुद्रसपाटीखालच्या या भातशेतीला मातीचा बांध आणि मानस (बांधातली पाणी सोडण्याची झडप) राखते. मानशीची लाकडी दारं भरतीच्या दाबाने आपसूक मिटतात, ओहोटीला उघडतात; खारं पाणी बाहेर राहतं, शेतातलं निघून जातं. दार कुजलं किंवा बांधाला खांड पडली की एका भरतीत खारं पाणी आत येतं आणि त्या जमिनीत पुढे काही पावसाळे पीक धड येत नाही. ही डागडुजी शेतकऱ्यांच्या टेनंट असोसिएशनची जबाबदारी. ती धर्मादाय संस्था नाही, तिच्याकडे ऐंशी-जी नसते, पण बांधासाठी 15,000 रुपये द्यायला कुठलाच कायदा तुम्हाला अडवत नाही. मात्र देण्याआधी एक विचारा: मानशीतल्या मासळीचा लिलाव होतो, त्याचा पैसा कुठे जातो? उत्तर सरळ आलं तर द्या. लिलावाचा पैसा दुसरीकडे आणि बांधासाठी वर्गणी, असं असेल तर हात आखडता घ्या.

एकाच वर्षात सात संस्थांना थोडं थोडं देण्यापेक्षा एकीला निदान तीन वर्षं द्यावं, असं माझं मत आहे. लेखापरीक्षण झालेला ताळेबंद मागा. तो पाहण्यात लाज नाही, आणि तुम्ही मागितला म्हणून चांगली संस्था रागावत नाही.

वहीत कुठे लिहायचं

देणगी हा धंद्याचा खर्च नव्हे. मालकाच्या धंद्यात ती भांडवल खात्यातून जाते. स्मरणिकेतलं अर्धं पान ही जाहिरात आहे, तो धंद्याचा खर्च. लॉटरीचं कुपन यातलं काहीच नाही. त्याच्या बदल्यात तुम्हाला गाडी लागण्याची आशा विकत मिळाली आहे. तिन्ही पावत्या एकाच पिशवीत कोंबल्या की मार्चमध्ये सीए डोकं धरतो.

जीएसटीतही हीच रेघ आहे. 11 ऑक्टोबर 2019 च्या परिपत्रकात स्पष्ट केलं आहे की धर्मादाय संस्थेला दिलेल्या देणगीबद्दल दात्याच्या नावाची पाटी लावली, पण ती आभारापुरतीच आहे, तिच्यातून धंद्याची जाहिरात होत नाही, तर त्यावर जीएसटी नाही. ‘अमुक कुटुंबाच्या देणगीतून’ ठीक. खाली दुकानाचा पत्ता, फोन आणि ‘उत्कृष्ट काजूसाठी भेट द्या’ आलं, की ती जाहिरात. आणि दुकानातला माल फुकट वाटला, तर त्याच्या खरेदीवर घेतलेलं इनपुट क्रेडिट (खरेदीवेळी भरलेल्या जीएसटीची वजावट) परत करावं लागतं, हे बरेच जण विसरतात.

काउंटरवरचा डबा

होमस्टे, कॅफे आणि किनाऱ्यावरच्या दुकानांनी हे नीट वाचावं. काउंटरवर एखाद्या संस्थेच्या नावाचा डबा ठेवला आणि रशियन किंवा ब्रिटिश पाहुण्याने त्यात 500 रुपये टाकले, तर ते विदेशी योगदान झालं. नोट रुपयाची आहे म्हणून ते देशी होत नाही. देणारा परदेशी नागरिक आहे, हे महत्त्वाचं. असं योगदान घ्यायला संस्थेला 2010 च्या एफसीआरए, म्हणजे विदेशी योगदान नियमन कायद्याखाली नोंदणी लागते, आणि पैसा दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या ठरावीक खात्यातच यावा लागतो. छोट्या संस्थेकडे हे नसलं, तर तुमच्या डब्यामुळे ती गोत्यात येते.

यातला गोव्याचा खास पेच म्हणजे पोर्तुगीज पासपोर्ट. इंग्लंडमधल्या स्विंडनला स्थायिक झालेला चुलतभाऊ गणपतीला घरी येतो, संस्थेचं काम बघून प्रेमाने चेक फाडतो. त्याने पोर्तुगीज नागरिकत्व घेतलं असेल, तर ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारं) असूनही तो कायद्याने विदेशी स्रोत. दुबईतला दुसरा भाऊ भारतीय पासपोर्टवर असेल, तर त्याची देणगी देशी.

सुटका सोपी आहे. पाहुण्याने खोलीचं भाडं किंवा काजूची किंमत दिली, तर तो धंद्याचा व्यवहार. त्या कमाईतून तुम्ही दिलेली देणगी तुमची, भारतीय. म्हणून डबा काढा आणि देणगीचा हिस्सा किमतीतच धरा. जीएसटी मात्र पूर्ण किमतीवर लागेल.

किमतीत धरलं की पाकिटावर लिहायचा मोह होतो: ‘प्रत्येक पाकिटामागे 5 रुपये म्हादईसाठी’. लिहा, पण मग पाकिटांचा हिशेब ठेवा आणि पैसे कुठल्या संस्थेला, कधी गेले ते दुकानात लावा. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल ग्राहक संरक्षण कायदा 2019 आहेच. शिवाय ऑक्टोबर 2024 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पर्यावरणाच्या पोकळ दाव्यांविरुद्ध वेगळी मार्गदर्शक तत्त्वं काढली. नुसतं ‘इको-फ्रेंडली’ आता पुराव्याशिवाय चालत नाही.

बाजू घेतल्यासारखं होतं, त्याचं काय

होतंच. खाणींबद्दल कोर्टात जाणाऱ्या संस्थेला पणजीतल्या कॅफेने देणगी देणं वेगळं आणि साखळी किंवा सांगेच्या दुकानाने देणं वेगळं. 2012 आणि 2018 च्या खाणबंदीनंतर तिथे ट्रकवाल्यांचे हप्ते थकले, गॅरेजं आणि खानावळी ओस पडल्या. त्या गिऱ्हाइकांच्या पैशावर तुमचं दुकान चालतं. मुंडकाराच्या बाजूने दिलंत, तर भाटकारही तुमच्याकडूनच वाणसामान नेतो. या पेचाला हिशेबात उत्तर नाही. खाणपट्ट्यातल्या दुकानदाराला मी जाहीर देणगीचा आग्रह करणार नाही.

गुपचूप द्यायची वाट आहे. दुकानाच्या खात्यातून न देता मालकाने आपल्या वैयक्तिक खात्यातून द्यावी आणि वार्षिक अहवालात नाव छापू नये, असं संस्थेला लेखी कळवावं. संस्थेपासून मात्र नाव लपवू नये. ज्या देणग्यांच्या दात्यांचं नाव-पत्ता संस्थेकडे नाही, त्या ठरावीक मर्यादेपलीकडे गेल्या की त्यांवर संस्थेला 30 टक्के कर बसतो. पाकिटात घालून दाराखालून सरकवलेल्या 10,000 पैकी 3,000 असे जाऊ शकतात. त्यापेक्षा नाव, पत्ता आणि पॅन लिहिलेली चिठ्ठी सोबत द्यावी, आणि शक्यतो बँकेतून द्यावं.